ड्रमखालची सतरंजी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर मी इथे चढले ती सतरंज्या घालायला आणि उतरले ती सतरंज्या मोजून घडी करून झाल्यावर. कोठीघराची किल्ली माझ्या कमरेला, त्यामुळे आपल्या सभा मी बहुधा दाराआडूनच ऐकलेल्या आहेत. "या महिन्यात तुम्हीच बोला," असे बाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हणाले, "मला सतरंजीखेरीज कशावर बोलता येणार?" त्या म्हणाल्या, "मग सतरंजीवरच बोला." तेव्हा आता ऐकून घेणे तुम्हाला भाग आहे.

मात्र मी बोलणार आहे ती बसायच्या सतरंजीविषयी नव्हे. ड्रमसेटखाली काय अंथरावे, म्हणजे तो वाजवताना घसरणार नाही, हा माझा विषय. काही जणी हसलात, ते मला दिसले. एक वर्षापूर्वी मीही हसले असते. पण गेल्या वर्धापनदिनी या जागेवर जे घडले ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले आहे, आणि त्यातला एक भाग फक्त मला ठाऊक आहे. तो आज तुमच्यापुढे सांगून टाकावा म्हणून मी उभी राहिले.

आपल्या मुलींच्या वाद्यवृंदाचा तो पहिलाच कार्यक्रम. पेटी, गिटार, दोन गाणाऱ्या आणि ड्रमवर आपली ती दहावीतली मुलगी. पहिले गाणे झकास झाले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मला दाराआडून असे वाटले, की ठेका कुठेतरी लंगडतो आहे. डोकावून पाहिले तो मोठा ड्रम पुढे पुढे चाललेला. ती बिचारी खुर्चीच्या कडेवर येऊन पाय लांब करकरून पेडल गाठते आहे, एका हाताने झांजेचा स्टँड जवळ ओढते आहे आणि दुसऱ्या हाताने ताल सांभाळते आहे. तिसऱ्या कडव्याला पाय पोचेनासा झाला आणि ती थांबली. गाणाऱ्या मुली गोंधळल्या, पडदा पडला. मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणाले, "अहो, हे पोरींना झेपणारे काम नव्हे." ते आम्ही सर्वांनी ऐकले, आणि पडद्याआड तिनेही ऐकले.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. पुढच्या वेळी ड्रमवर एखादा मुलगा बोलवावा, अशी सूचना निघाली. मी तिथेच चहा देत होते. मी काही बोलले नाही, कारण खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. मुलीचीच तयारी कमी पडली असेल, असे मीही मनात धरून बसले होते.

आता मला ठाऊक असलेला भाग. कार्यक्रमाच्या रात्री सतरंजी उचलताना मला लादीवर दोन पांढरे पट्टे दिसले होते. सकाळी इथे रांगोळी घातली होती. ती मी झाडून काढली, पण तिची पूड गुळगुळीत लादीवर राहिलीच होती. त्या पुडीत सतरंजीच्या कडेने ओढलेले ते पट्टे चांगले हातभर लांब होते. मी ते पुसले आणि दिवा मालवून घरी गेले. त्यांचा अर्थ मला चार दिवसांनी कळला, आणि तोही स्वयंपाकघरात.

घरी मी नारळ खवत बसले होते. हात चालू, मन दुसरीकडे. एकदम लक्षात आले, की मी नारळ एवढ्या जोराने दाबते आहे, तरी खवणी का हलत नाही? कारण तिच्या पाटावर मीच बसलेली आहे. विळीवर भाजी चिरताना आपण तिच्या पाटावर पाय देऊन बसतो. पाट्यावर वाटण वाटताना पाटा पुढे सरकू नये म्हणून खाली गोणपाट घालतो. पोळपाट ओट्यावर फिरू लागला तर त्याच्याखाली ओले फडके सारतो. घागर डोक्यावर ठरावी म्हणून चुंबळ असते, आणि तबल्या-डग्ग्याखालीही चुंबळच असते. आयुष्यभर ज्या गोष्टी मी रोज करते त्या त्या मुलीसाठी मी केल्या नव्हत्या. गुळगुळीत लादी, वर रांगोळीची पूड, त्यावर नुकतीच धुतलेली हलकी सुती सतरंजी, तिच्यावर सगळे ड्रम, आणि सतरंजी लांबीला अपुरी म्हणून तिची खुर्ची मात्र उघड्या लादीवर. कॅरमच्या फळीवर पूड टाकून मी तिला वाजवायला बसवले होते. पोरीचा हात चुकला नव्हता, पायही चुकला नव्हता. माझी सतरंजी चुकली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने काठ्या कपाटावर टाकून दिल्या होत्या. मी म्हटले, "बाळ, चूक माझी होती," आणि पट्ट्यांची हकीकत सांगितली. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मला वाटलं, मीच भीतीनं पाय जोरात मारला." सहा दिवस ती हेच मनात घेऊन बसली होती. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून जे शिकलो, तपासले आणि विकत आणले, ते आता क्रमाने सांगते.

आधी ड्रम सरकतो का, ते पाहू. ड्रमसेटमधला सर्वांत मोठा ड्रम आडवा ठेवलेला असतो, त्याचे एक तोंड प्रेक्षकांकडे आणि दुसरे वाजवणाऱ्याकडे. वाजवणाऱ्याच्या बाजूला खालच्या कडीला पेडल अडकवलेले असते. पायाने पेडल दाबले की एक टोला मागून कातड्यावर बसतो. म्हणजे प्रत्येक ठोका हा त्या ड्रमला पुढे दिलेला एक लहानसा धक्काच असतो. हिशेब करून पाहा. एखादे गाणे चार मिनिटांचे आहे आणि पायाचे ठोके मिनिटाला शंभर पडतात असे धरले, तर चारशे ठोके झाले. दर ठोक्याला ड्रम खसखशीच्या दाण्याएवढा, म्हणजे एक मिलिमीटर जरी सरकला, तरी गाणे संपेपर्यंत तो 40 सेंटिमीटर, सव्वा फुटाहून जास्त, पुढे गेलेला असतो. दाणा कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, सव्वा फूट सर्वांना दिसतो. मग लोक म्हणतात, मुलीला झेपले नाही.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण हे सगळे ड्रम सहसा एकच माणूस वाजवत नसे. मोठा ड्रम एकाकडे, लहान दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. पायाने मोठा ड्रम वाजवायचे प्रयत्न आधीही झाले होते, पण 1909 साली अमेरिकेत शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी भराभर चालणारे पेडल तयार करून विकायला आणले, आणि एकाच माणसाने बसून हातांनी व पायाने सगळे सांभाळणे सोपे झाले. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजवले ते बरेचसे गोव्याकडच्या आणि पारशी वादकांनी. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड ही नावे तुमच्यापैकी जुन्या गाण्यांच्या शौकीन भगिनींना माहीत असतील.

आणि हे वाद्य बायकांचे नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक नाव मुद्दाम सांगते. व्हायोला स्मिथ. ही अमेरिकेतली बाई 1912 साली जन्मली आणि स्त्रियांच्या वाद्यवृंदातून ड्रम वाजवून तिने नाव कमावले. 1942 साली, युद्धामुळे पुरुष वादक सैन्यात जाऊ लागले असताना, तिने तिथल्या एका संगीतविषयक नियतकालिकात लेख लिहून सांगितले, की मोठ्या वाद्यवृंदांनी आता मुलींनाही संधी द्यावी. 2020 साली ती वारली तेव्हा तिचे वय 107 वर्षांचे होते. आपल्याकडे तर आज गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकांतून मुली तासन् तास ढोल वाजवतात. तो ढोल सरकत नाही, कारण तो कमरेला बांधलेला असतो. वाजवणारी जिथे, तिथे ढोल. ड्रमसेट कमरेला बांधता येत नाही, म्हणून सतरंजीची गरज.

आता सतरंजीची परीक्षा. आमच्या अनुभवावरून मी तिच्यात तीन गोष्टी पाहते: वरची पकड, खालची पकड आणि पसारा.

पहिली, वरची पकड. मोठ्या ड्रमला पुढच्या बाजूस दोन पाय असतात. त्यांच्या टोकाला रबराची बोंडे असतात, आणि पुष्कळशा ड्रमांत ती बोंडे फिरवली की आतून अणकुचीदार टोके बाहेर येतात. गालिचावर टोके काढायची, उघड्या जमिनीवर रबर ठेवायचे. हे पाय सरळ खाली न ठेवता पुढे कलते ठेवायचे आणि ड्रमची पुढची कड जमिनीपासून बोटभर उचललेली राहील एवढे लांब करायचे, म्हणजे प्रत्येक धक्क्याबरोबर टोके अधिकच रुततात. ही टोके धरायला खाली दाट विणीचे काहीतरी हवे. पातळ जाजम फाटते, सुती सतरंजीत भोके पडतात. उलट मऊ लुसलुशीत, लांब केसांचा गालिचाही नको. दुकानात आम्हाला तोच दाखवला गेला. पाय ठेवला की घोटा बुडेल असा. बसायला सुखाचा, पण पेडल त्यात डुगडुगते आणि झांजांचा स्टँड कलतो. मी अंगठ्याने दाबून पाहिले, तो नखाच्या वर बुडाला. तेव्हा तो बाजूला सारला. अंगठा नखापुरता बुडावा, त्याहून अधिक नाही, ही खूण लक्षात ठेवा. विणीत धाग्याच्या मोठ्या फाशा सुटलेल्या असतील तर तोही घेऊ नये, कारण टोक फाशात अडकते आणि ड्रम उचलताना सगळा धागा उसवत येतो. मी जाताना क्रोशाची सुई बरोबर नेली होती. ती हलकेच टोचून, ओढून पाहिली. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला, पण काही बोलला नाही.

दुसरी, खालची पकड. इथेच माझी चूक झाली होती. ड्रम सतरंजीवरून सरकला नव्हता, सतरंजीच लादीवरून ड्रमला घेऊन निघाली होती. म्हणून कोणताही गालिचा घेताना आधी त्याची पाठ पाहावी. पाठीला रबर असेल तर उत्तम. गोणपाट किंवा नुसते कापड असेल, तर त्याच्याखाली घालायला रबराची जाळी वेगळी मिळते, ती गालिचापेक्षा चार बोटे लहान कापून घालावी. जमीन मात्र स्वच्छ आणि कोरडी हवी. रबर कितीही चांगले असले तरी रांगोळीच्या पुडीवर किंवा तेलकट लादीवर त्याचे काही चालत नाही. ज्या दिवशी वाद्ये असतील त्या दिवशी रांगोळी दारात घालावी, व्यासपीठावर नको, एवढा नियम आपण करावा अशी माझी विनंती आहे. घालणाऱ्या भगिनींनी रागावू नये. रांगोळी दारातच अधिक शोभते.

आता घरात असलेल्या वस्तूंविषयी, कारण पहिला प्रश्न तोच येतो. सोलापुरी चादर चालेल का? नाही, ती पातळ आणि घसरणारी. घोंगडी? तिची लोकर खरखरीत असल्यामुळे ती सतरंजीपेक्षा बरी धरते, पण एकेरी घोंगडी गोळा होते, खाली रबराची जाळी हवीच. काथ्याची चटई? वरून पकड फार चांगली, मात्र पाठीला रबर नसेल तर लादीवर घसरते आणि तिचा भुसा सारखा पडतो. लग्नाच्या मांडवात अंथरतात तो लाल कपडा? तो ताणला जातो आणि खालून सरकतो. घरातला जुना, बसून बसून केस दबलेला गालिचा असेल तर मात्र तो फेकू नका. दिवाणखान्यात तो शोभत नसेल, ड्रमखाली तोच सर्वांत चांगला.

तिसरी गोष्ट पसारा, आणि ही मी सर्वांत महत्त्वाची मानते. वाजवणारीची बैठक त्याच गालिचावर आली पाहिजे. मोठा ड्रम, पेडल, पायाने मिटायच्या झांजा आणि बैठक, सगळे एकाच तुकड्यावर. याचे कारण मला त्या मुलीनेच समजावले, शाळेत पदार्थविज्ञानात शिकली होती. ती म्हणाली, "मावशी, काठावर उभे राहून नावेला ढकलले तर नाव जाते. नावेत बसून नावेलाच ढकलले तर ती हलत नाही." वाजवणारी गालिचाबाहेर बसली, तर तिचा प्रत्येक ठोका गालिचाला तिच्यापासून दूर ढकलतो. ती गालिचावर बसली, की ढकलणारी आणि ढकलले जाणारे दोन्ही एकाच नावेत. शिवाय तिचे स्वतःचे वजन गालिचाला लादीवर दाबून ठेवते. खवणीचे रहस्य तेच. जी वाजवते तिचेच वजन खाली पडले पाहिजे, दुसऱ्या कोणी कडेला उभे राहून धरून ठेवल्याने ते काम होत नाही.

तेव्हा माप कसे घ्यावे? दुकानात जाऊन अंदाजाने नव्हे. आम्ही सगळा संच इथे मांडला, तिला बसवले, हातपाय मोकळे चालतात असे पाहिले आणि भोवती खडूने रेघ मारली. रेघेबाहेर चारी बाजूंना वीतभर जागा सोडून मोजले, तेव्हा साडेसहा फूट आणि साडेपाच फूट असे माप आले. तयार मिळणारे ड्रमचे गालिचेही साधारण दोन मीटर लांब आणि 1.6 मीटर रुंद असतात, म्हणजे आमचा खडू फारसा चुकला नव्हता.

विकत काय घेतले, ते आता सांगते, कारण पैसे मंडळाचे आहेत. तयार गालिचा आपल्याला परवडणारा नव्हता. कचेऱ्यांमध्ये जमिनीवर चिकटवतात तो आखूड केसांचा, दाट, पाठीला रबर असलेला गालिचा ठाणावरून विकणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात देतात. त्यातला एक करडा तुकडा आम्ही निवडला. कडा सुटू लागल्या होत्या, त्या आपल्या शिवणवर्गाने जाड नाडीपट्टी लावून दाभणाने शिवून दिल्या. शिवणयंत्राची सुई त्यात मोडली, म्हणून चार जणींनी दोन दुपारी बसून हाताने टाके घातले. कडा शिवलेली हवीच, एरवी अंधारात कोणाचा तरी पाय अडकायचा.

त्यानंतर तिने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. वादक मंडळी स्टँडच्या पायांच्या जागा गालिचावर रंगीत चिकटपट्टीने खुणावून ठेवतात, म्हणजे दर वेळी मांडणी नव्याने जुळवावी लागत नाही. चिकटपट्टी निघून जाते, म्हणून तिने लोकरीने खुणा भरल्या. मोठ्या ड्रमच्या टोकांना तांबड्या, पेडलला पिवळी, झांजांच्या स्टँडला हिरव्या, बैठकीला पांढऱ्या. दिसायला ठिपक्यांची रांगोळीच, पण या रांगोळीवरून कोणी घसरत नाही. आता डोळे मिटूनही मांडणी होते.

ऐन वेळी गालिचाच नसेल तर काय करावे, तेही सांगते. जुने वादक मोठ्या ड्रमपुढे वीट ठेवत. लाकडी व्यासपीठ असेल तर त्यावर एक पट्टी ठोकून तिला ड्रम टेकवत. त्याहून चांगला उपाय म्हणजे मजबूत पट्ट्याने किंवा दोरीने ड्रम वाजवणाऱ्याच्या बैठकीला बांधून टाकणे. इथेही तत्त्व खवणीचेच. आपले ओल्या फडक्याचे शहाणपण मात्र इथे वापरू नका, कारण व्यासपीठावर ध्वनिक्षेपकाच्या तारा असतात. पाणी आणि वीज यांची गाठ नको.

निगा सोपी आहे. घडी घालायची नाही, कारण घडीची सळ कायम राहते आणि तिच्यावर ठेवलेला स्टँड डुगडुगतो. गुंडाळी करून नाडीने बांधायची आणि उभी न ठेवता आडवी ठेवायची. कडक उन्हात वाळत घालू नये, रबर तडकते. सावलीत वाऱ्यावर टाकावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उलगडून पाहावी, एरवी बुरशी धरते. आणि महिनोन् महिने एकाच जागी अंथरून ठेवू नये, काही रबरांचा डाग लादीवर उतरतो.

शेजारच्या इमारतीतल्या भगिनी आज आल्या आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न मी ओळखते. गालिचा घातल्याने आवाज कमी होईल का? खोटा भरवसा देणार नाही. खोलीत घुमणारा कर्कशपणा थोडा कमी होतो, पण ड्रमचा आवाज बाहेर जायचा तो जातोच, आणि मोठ्या ड्रमचा धमका स्लॅबमधून खाली पोचतो. एका गालिचाने तो थांबत नाही. म्हणून सराव संध्याकाळी पाच ते सहा, एवढाच तास ठरवला आहे, आणि परीक्षांच्या दिवसांत ड्रमवर रबराच्या चकत्या ठेवून मुलगी हळू वाजवते. याउपर त्रास झाला तर मला सांगा. किल्ली माझ्याकडे आहे.

भगिनींनो, गालिचा आणल्यावर आम्ही त्याची परीक्षा घेतली. ड्रमच्या पायांपाशी मी खडूने रेघ ओढली आणि तिला म्हटले, "गेल्या वर्षीचे गाणे वाजव, पुरे वाजव." सभागृहात आम्ही दोघीच होतो. तिने सुरुवात बेताने केली. डोळे सारखे खाली, रेघेकडे. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. तिसऱ्या कडव्याला तिने मान वर केली. मग जो पाय मारला, तो मला इथल्या लादीतून माझ्या तळव्याला कळला. गाणे संपल्यावर आम्ही दोघी वाकून रेघ पाहायला गेलो. ड्रमचे पाय रेघेवरच होते. मी तिला विचारले, "दमलीस का?" ती म्हणाली, "नाही मावशी. आता कळलं, मी किती वाजवू शकते ते."

कार्यकारिणीने तिला यंदा पुन्हा बसवायचे ठरवले आहे, याबद्दल मी बाईंची आभारी आहे. मुलगा बोलवायची सूचना ज्यांनी केली होती, त्यांनीच गालिचाच्या कडेला सर्वांत अधिक टाके घातले, हेही मला इथे सांगितले पाहिजे. त्यांचे नाव मी घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत आणि मला खुणा करताहेत.

वर्धापनदिनी मुलगी चुकणारच नाही असे मी म्हणत नाही. ती लहान आहे, गाणी नवी आहेत, एखादा ठोका इकडचा तिकडे होईल. तसे झाले तर आपण टाळ्या वाजवून तिला सावरून घेऊ. माझे मागणे इतकेच, की चूक झालीच तर ती तिच्या हाताची असू दे, आपल्या सतरंजीची नको. एखादी मुलगी मध्येच थांबली, तर तिच्याविषयी मत बनवण्याआधी जरा वाकून तिच्या पायाखाली काय घातले होते ते पाहावे, एवढे मी या वर्षात शिकले, आणि ते शिकायला मला चार दिवस, एक नारळ आणि एका पोरीचे सहा दिवसांचे रडणे लागले.

माझे बोलणे लांबले.  सभा संपल्यावर बसायच्या सतरंज्या उचलायला चार जणींनी थांबावे. आजच्या मोजून बारा आहेत, आणि मला बाराच परत हव्यात.